कूप क्रमांक सात

नवलख्याहून बस निघाली तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं.
एकोणीस माणसं, दोन थर्मास,
आणि मुळ्येसाहेबांच्या खिशात
निषेधाचा कागद, चार घड्या घातलेला.

सिमरोळचा घाट उतरल्यावर
वनखात्याच्या नाक्यापाशी ती उभी होती,
रेशमा भाबर, बीट गार्ड,
गळ्यात शिंप्यासारखी टेप.
म्हणाली, यंदा इथली झाडं तुटणार आहेत.
तुटल्यावर येऊन हळहळतात सगळे,
म्हणून म्हटलं, आधी बोलवावं.

मग चालणं. सागाची वाळकी पानं
पायाखाली पापडासारखी.
त्या आवाजात बोललेलं ऐकू येईना,
म्हणून काही सांगायचं असलं
की ती आम्हाला उभं करायची.

वीज मंडळात बिलं काढण्यात माझी तेहतीस वर्षं गेली.
कुणी आकडा सांगितला की मला धीर येतो.
तिनं सांगितले:
घेर छातीच्या उंचीला मोजायचा,
एकशे वीसच्या पुढे गेला तर विचार करायचा,
एका कूपाची पाळी वीस वर्षांनी एकदा.
गेल्या पाळीला तिचा बाप इथेच कुऱ्हाडीवर होता.
रोज किती मिळायचा ते ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

पुढे पाच झाडांपाशी थांबून
तिनं माझ्याच हातात खडू दिला.
यातली दोन जाणार. सांगा आंटी, कोणती?

मी तडक वाकड्याकडे गेले.
बुंध्याला गाठी, मधे पोकळ,
वर एकच फांदी धड.
मुळ्येसाहेबांनीही मान हलवली.
तिनं नुसतं वर बोट केलं.
ढोलीच्या तोंडाशी पांढरा ओघळ, वाळलेला.
पिंगळ्याचं घर आहे. हा राहील.
जाईल तो, शेजारचा,
शाळेत पहिला येणाऱ्या मुलासारखा सरळ.
का, तर भरला.
एकशे सव्वीस.
आणि त्याच्या सावलीत ही पोरं खुरटतायत.

मी खडू धरून उभी.
चांगला म्हणून जायचं,
असा रकाना आमच्या बिलात नव्हता.

मग तिनं हातोडा दाखवला, शिक्क्याचा.
एक घाव वर, एक पार खाली, मुळाशी.
वरचा लाकडाबरोबर डेपोत जातो.
खालचा इथेच राहतो,
उद्या कुणी विचारलं तर बुंध्यानं साक्ष द्यावी म्हणून.
आणि शिक्का नसलेलं तुटलं तर?
मुळ्येसाहेब वकिली आवाजात.
तर मला नोटीस येते, ती म्हणाली.
आलीय एकदा.

कुणी हसलं नाही. लांबवर
खंडवा रोडवरचा ट्रक गिअर बदलत होता.

परतताना एक जुना बुंधा लागला,
जमिनीलगत कापलेला, जरा तिरपा,
पाणी साचू नये म्हणून.
त्याच्या कडेनं तीन फोक, माझ्याहून उंच.
तिनं कोवळं पान खुडून माझ्या तळव्यावर चोळलं.
लाल. कुंकवाचं बोट लागावं तसं नाही,
तळवाभर.
रंगेहाथ, असं मी म्हणणार होते,
पण ते हिंदीत नीट जमेना.

मुळ्येसाहेबांनी कागद दिलाच.
तिनं उभ्याउभ्या पूर्ण वाचला,
खाली पोच लिहिली, तारीख घातली,
एक प्रत मागितली. प्रत नव्हती.
तिनं मोबाईलनं फोटो काढला.

घरी सून म्हणाली, हे काय, मेंदी?
साबणानं जाईना. तिसऱ्या दिवशी गेलं.

पाचांतलं दुसरं कोणतं,
हे तिनं सांगितलं नाही
आणि मला ठरवता आलं नाही.
खडू अजून पर्समध्ये आहे.