पोच

आवक-जावक बघतो मी. गारगोटीचं उपविभागीय कार्यालय,
जिन्याखालचं टेबल, शिक्का, शाईची गादी,
आणि पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
कुठल्याशा तलावाच्या भरावातला एक दगड.

आक्काताई मगदूम आल्या सोमवारी, दहाच्या एसटीनं.
पिशवीतून सहा बाटल्या काढल्या, ओळीनं मांडल्या.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नातवाच्या अक्षरात तारीख.
"बोरपाणंदचा तलाव. बांधाच्या पायथ्याला
मी धुणं धुते, तिथनं घेतलंय."

पहिल्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती,
भिंतीवरच्या कॅलेंडरातला वारसुद्धा.
तिसरीतून खिडकी तेवढी.
सहावीतून काहीच नाही.

"निवळ गळतंय तवर बांधाला घाम आलाय म्हणायचं.
गढूळ आलं की आतनं माती निघालीया.
आमचं मालक ह्याच भरावावर रोजगार हमीला हुतं.
कुठं काळी माती घातली, कुठं नुसता मुरूम ढकलला,
त्यास्नी ठावं हुतं.
मुकादमालाबी.
आता दोघंबी न्हाईत."

मी म्हणालो, अर्ज द्या.
अर्ज होता. तिसरा.
पहिल्या दोहोंवर माझाच शिक्का, माझीच सही.
उत्तरही होतं, जावक क्रमांकासह:
'समक्ष पाहणी केली. गळती किरकोळ. धोका नाही.'
पाहणीची तारीख वाचली.
त्या दिवशी जीप गॅरेजला होती.
बिल मीच चढवलं होतं.

"अर्जाची पोच देतो," म्हणालो.
"अर्जाची हायत की दोन. पाण्याची द्या."

रजिस्टर उघडलं.
क्रमांक, दिनांक, कुणाकडून, विषय, सहपत्रे.
पाण्याला रकाना नव्हता.
त्या उभ्याच, रिकाम्या पिशवीची घडी घालत.
"साडेचारशे उंबरा हाय खाली. शाळा तर वड्यालाच लागून.
उद्या कुणाला म्हाईतच न्हवतं, असं नगं व्हायला."

सहपत्रांच्या रकान्यात लिहिलं:
पाणी, बाटल्या सहा. पैकी शेवटची गढूळ.
शिक्का मारताना हात हलला, ठसा दुहेरी उमटला.

साहेब कोल्हापूरला, मीटिंगला.
संध्याकाळी कुलूप लावायला उठलो तर
सहावीतला गाळ तळाशी बसलेला, बोटभर,
वरचं पाणी स्वच्छ, आमच्या पाहणी अहवालासारखं.

बाटली उचलली, जोरात हलवली,
साहेबांच्या टेबलावर, मधोमध ठेवली.

मग तो दगड हातात घेतला.
कुठल्या बांधाचा, इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.
कुठेतरी तेवढी एक जागा
रिकामी असणार.