सातवर

चारवर तो नुसता सभ्य असतो.
पाचवर घसा खाकरतो.
खरं बोलायला लागतो सातवर,
आणि सातवर
डगांवकर वहिनींच्या मांडणीवरची फुलपात्री
चालत चालत कडेला येतात.

असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
खाली ‘कळावे’.

हा अँप्लिफायर मुळात गिटारचा नव्हेच.
बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टर-खोलीतून
महाराणी रोडच्या ताहेरभाईंनी किलोच्या भावाने उचललेला.
ट्रान्सफॉर्मर असा, की दोघांनी धरावा
आणि दोघांनीही आई आठवावी.
चार व्हॉल्व्ह.
काचेआड दिवेलागणीएवढा उजेड.

सोल्डरच्या धुरातून ताहेरभाई म्हणाले,
बेटा, एक हाथ हमेशा जेब में.
आत चारशे व्होल्ट.
बटण बंद केलं तरी कॅपॅसिटर
जुन्या भाऊबंदकीसारखा राग धरून बसतो.
माझ्या कुडत्यांना खिसे नव्हते.
नंदलालपुऱ्यातल्या शिंप्याकडून
सगळ्यांना डावीकडे एकेक लावून घेतला.
मोबाइलसाठी का, त्यानं विचारलं.
हो म्हटलं.

शाळेत नववीला मी ध्वनी शिकवते.
फळ्यावर लाट काढते, गोल डोक्याची.
पुस्तकात तेवढीच आहे.
पुस्तकात हे नाही, की व्हॉल्व्हकडे
झेपेल त्याहून जास्त मागितलं
तर लाटेचं डोकं छताला टेकतं, चपटं होतं,
आणि त्या चेपण्यातून जे बाहेर पडतं
ते मावसभावाच्या वॉकमनवर ऐकत
मी सोळाव्या वर्षी
दळणाचा डबा गिरणीतच विसरून घरी आले होते.

सगळे म्हणतात, पेडल घे.
लहानसा डबा, पायानं दाबायचा,
कानाला हेडफोन, रात्री दोनला वाजव.
घेतलं. वाजवलं.
आमरसाच्या वाटीत
बाटलीतला इसेन्स.

दादा एकतीस वर्षं साच्यांवर होते.
मिल बंद झाली
त्याच्या आधीच त्यांचे कान बंद झाले होते.
खात्यात शब्द पोचत नसत,
म्हणून सगळे नुसत्या ओठांनी बोलत,
दोन साच्यांपलीकडून, बायकामुलांचं, पगाराचं, शिव्यासुद्धा.
अजून ते माझे ओठ वाचतात.
मी पाठ फिरवली
की आमचं भांडण तिथंच संपतं.
(कधी कधी मी मुद्दाम फिरवते.
कधी कधी तेच डोळे मिटतात.)

गेल्या रविवारी वहिनी देवासला गेल्या, टेकडीवर.
मी खिडक्या लावल्या.
पहिलं बटण.
मग पूर्ण एक मिनिट काही करायचं नसतं.
घाई केली तर व्हॉल्व्ह लवकर जातात.
त्या मिनिटात घर गुणगुणतं, खालच्या सुरात,
फ्रिज त्याला साथ देतो.
दुसरं बटण.
सात.
ए मेजर, एकदाच, आणि सोडून दिला.

तो मेला नाही.
लांबत गेला, कडा खरखरीत,
मध्येच स्वतःवरच चढून वरच्या सुरात शिरला,
मी काही न करता.

दादा पेपर ठेवून आले.
कॅबिनेटवर तळहात टेकला,
जसा बेअरिंग तपासताना टेकत असतील.
बराच वेळ.
माझ्याकडे बघितलं नाही, कापडाकडे बघत होते,
स्पीकरवरच्या, थरथरणाऱ्या.
विणकर माणूस.

मग मान वर करून,
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी,
जसे मला कधीच बोलले नव्हते तसे, म्हणाले,
अजून तापला नाही.

मी आठवर नेला.
भिंतीपलीकडे, कुलूपबंद घरात,
स्टीलचं काहीतरी पडलं
आणि किती तरी वेळ गोल फिरत राहिलं.
दादांना ते ऐकू आलं नाही.
मीही नाही ऐकलं.