वार पूर्ण

सगळे लेकराकडं बघतात.
मी वारेकडं बघते.
एकवीस वर्षं झाली जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात;
पहिलं रडणं कानावर आलं
की माझी पाठ त्याच्याकडं आणि तोंड तसराळ्याकडं.

शब्द एकच.
बुधवार, तो वार. कोयत्याचा, तोही वार.
ही तेवढी बाईमाणूस.
मागून येते, न बोलावता,
पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी.
अर्धा तास गेला आणि आलीच नाही
तर मी घड्याळ बघणं सोडते,
टेबलाखालची बादली बघत राहते.

एका बाजूनं चकचकीत, निळसर, शिरांचं झाड.
उलटी केली की मे महिन्यातलं काळं रान,
भेगाभेगांचं.
मी ती दोन्ही तळव्यांवर घेते,
नऊ महिन्यांची भाकर, दमट, जड,
आणि ढेकूळ ढेकळाला जुळवत जाते.

कौतिका येलदरीकडची. दुसरी खेप.
तिची सासू मथुराबाई पोरीचे कान दुमडून बघत होती,
रंग कोणावर जाईल याचा हिशोब चाललेला.
माझा हिशोब चुकत होता.
एक भेग मिटेना.
परत धुतली, परत मांडली.
जांभळाएवढी जागा रिकामी.

"रक्त कमी झालंय, सिस्टर,"
बॉण्डवरचा डॉक्टर म्हणाला. मिसरूडही नीट फुटलेलं नाही.
"कमी नाही सर, आत साठतंय."
मी त्याचा हात धरून तिच्या बेंबीखाली ठेवला.
तिथं कवठ लागायला पाहिजे, घट्ट.
लागली भिजवलेली कणीक.

एकशे आठची गाडी परभणीला गेलेली.
लाईट गेली, आली, परत गेली.
मावशीनं मोबाइलचा उजेड धरला,
सलाइनमधून औषध, दंडात इंजेक्शन,
डॉक्टरचा हात कोपरापर्यंत रबरात,
माझी मूठ वरून पोटावर.
मी दाबत होते, चोळत होते,
आणि गुंगीतून कौतिका विचारत होती,
"बाई, माझं काय राह्यलंय का आत?"

निघाला.
काळा, लिबलिबित, जांभळाएवढाच.
मी तो भेगेत ठेवला.
बसला.
हाताखाली कवठ हळूहळू आवळत आलं
आणि माझ्या गुडघ्यांना आता कळलं
की ते मघापासून थरथरतायत.

मथुराबाई दारात.
"वार द्या बाई. आमच्यात उंबऱ्याबाहेर पुरतात,
वर दगड ठेवतात, कुत्रं उकरू नये म्हणून."
मी पिवळी पिशवी दाखवली. नियम सांगितला.
गाडी येते, घेऊन जाते, जाळतात.
ती पिशवीकडं बघत राहिली.
"मग पोरीनं कुठल्या मातीला माझी म्हणायचं?"

मला उत्तर आलं नाही.
मी रजिस्टर ओढलं.
तारीख. वार: बुधवार. मुलगी, दोन किलो सातशे.
शेवटचा रकाना: वार, पूर्ण की अपूर्ण.

या रकान्याची मला भीती वाटते.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका रात्रीत चार बाळंतपणं,
चौथी शेवंता.
तिची वार मी मोजली नव्हती.
नुसती बघितली, आणि लिहिलं "पूर्ण".
पाचवीच्या दिवशी घरी पूजा मांडलेली असताना
तिच्या अंगावरून जाऊ लागलं. बैलगाडीत घातली,
डांबरी रस्ता लागेपर्यंतच होती.
ते रजिस्टर अजून कपाटात आहे, माझ्या अक्षरासकट.
अक्षर चांगलं आहे माझं.

कौतिकाच्या नावापुढं मी आधी "अपूर्ण" लिहिलेलं,
त्यातला "अ" खोडला, बाजूला सही केली, वेळ टाकली,
तीन वाजून दहा.

आत मथुराबाई
सुनेच्या कोरड्या ओठांना चमच्यानं पाणी लावत होती.
पोर रडायला लागली.
तेव्हा कुठं मी पहिल्यांदा वळून बघितलं
की आहे कशी दिसायला.