चार हजारांचा खड्डा

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर, ऑगस्टमध्ये
मी एसी बंद केला. मग फ्रिज.
मग बाथरूमचा पंखा, तो कुणी लावला होता देव जाणे.
कायतान फुर्तादने शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि विचारलं, किती वेळ?
बावीस मिनिटं, मी म्हटलं.

अ‍ॅम्प कपाटात, दोन गोधड्यांच्या तंबूत.
त्याच्यापुढे माइक, जाळीपासून चार बोटं,
मधोमध नाही, किंचित कडेला,
तिथे आवाज कमी ओरबाडतो.

वजन अठ्ठावीस किलो. विमानात तीसच मिळतात,
आणि एकतीस वर्षांचं बाकीचं सामान?
हॉटेलने हिशेब चुकता केला होता, वर एक घड्याळ.
तर असं ठरलं: अ‍ॅम्प इथे राहील,
आवाज जाईल, नखाएवढ्या पेनड्राइव्हवर.

वॉल्व्ह तापेपर्यंत तो गुणगुणत होता.
"दमामला थोडा वरच्या सुरात गायचा," कायतान म्हणाला,
"तिथली वीज साठाची, इथली पन्नासाची.
पूल ओलांडला नि याचा सूर उतरला."

लॅपटॉपने सुरुवात केली.
खालून वर चढत जाणारी शीळ. खर्रर्र. टकटक. पुन्हा शीळ.
मी दिवसभर हेच करते, फक्त माणसांवर.
काचेच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवरचे लोक येऊन बसतात,
ऐकू आलं की बटण दाबायचं.
काही जण ऐकू न येताही दाबतात,
नोकरीचा प्रश्न असतो.
अ‍ॅम्पला ती भीती नव्हती.

मार्चमध्ये कायतानही त्या खोलीत बसला होता.
त्याचा आलेख मला पाठ आहे:
दोन हजार हर्ट्झपर्यंत सपाट रस्ता,
चार हजारांवर खड्डा, विहिरीसारखा सरळ खाली,
पलीकडे थोडी चढण.
डाव्या कानाशी ड्रमची झांज, रोज रात्री, तीन सेट.

म्हणून तर ट्रेबल नऊवर.
लोक म्हणायचे, फुर्तादची गिटार टोचते.
त्याला ती लोण्यासारखी ऐकू यायची.

थोडं खाली घेऊ? मी विचारलं. सहा?
घेतलं त्याने. एक कॉर्ड वाजवली.
आपल्याच घरात चुकीचं दार उघडल्यासारखा थांबला.
"हे गोधडीखालून येतंय गं."
ते खरोखरच गोधडीखालून येत होतं,
पण आम्ही हसलो नाही.
परत नऊ.

बाविसाव्या मिनिटाला आकडा आला:
चूक, शंभरात एकाहून कमी.
फाइलीला नाव काय द्यायचं?
"नाव कशाला," तो शर्ट पिळत म्हणाला, "तारीख घाल."

आता तो कोलवाळला असतो.
फोनवर सांगतो, वाजवतो मी, पण शेजारची कुत्री रडतात.
अ‍ॅम्प अजून माझ्या कपाटात;
हिवाळ्याचा कोट काढायचा तर आधी त्याला सरकवावं लागतं.

रात्री कधी हेडफोन लावून ती तारीख उघडते.
माझे कान शाबूत आहेत, त्यामुळे टोचतं.
चार हजारांवर आवाजाचा उंचवटा लागतो,
खड्डा बुजवताना डांबर जास्त पडावं तसा.

परवा ट्रेबल पाचवर आणून पाहिला.
छान वाजला. कुणाचाही असेल असा.
बदल सेव्ह करायचे का, विचारून स्क्रीन थांबली.
एसीचं पाणी बालदीत
पडत होतं.