भाव उतरायच्या आधी

एल्रॉय म्हापशाहून निघालाय म्हणतो.
साडेसतरा. वर एक पैसा नाही.
काल अठरा म्हणाला होता,
चवथीच्या आदल्या दिवशी बावीस,
तेव्हा मीच म्हटलं, बघते.

बघते हा शब्द आमच्या घरात फार महाग पडलाय.

कार्ड घेतलं अडतीस हजारांना, जुनंच,
पणजीला मळ्यातल्या एका पोराकडून.
त्याच्याकडे अशी सहा,
लोखंडी फळीवर ओळीनं, रात्रंदिवस तापलेली.
खोलीत शिरले तर पोदेराच्या भट्टीसारखी झळ.
विचारलं, कशाला वापरत होतास?
म्हणाला, मायनिंगला.
मी डिचोलीची. मला हसू आलं.
का, ते त्याला कळलं नाही.
घरी येऊन पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं.
धूळ होती. करडी. तांबडी नव्हे.

तीन वर्षं या कार्डानं मला पाणी काढून दिलं:
आसगाव, शिवोली, हडफडे,
अजून न बांधलेल्या व्हिलांच्या तलावांतलं निळं पाणी,
त्यावर चार वाजताचं ऊन
(गिऱ्हाईक दिल्लीचं, त्याला ऊन चारचंच हवं),
माड, माडाची सावली, सावलीत रिकामी खुर्ची.
फोटोतलं शेत मी आधी पुसून घ्यायचे.
एका चित्राला अकरा मिनिटं.
आता म्हणतात, फोंड्याच्या मुलाला दोन लागतात.

नवं एकसष्ट हजार.
दुकानातले नागवेकर म्हणतात, थांब,
जानेवारीत पुढची मालिका येते, मग हेच पंचेचाळीसला.
त्यांचा पोरगा केबल गुंडाळता गुंडाळता पुटपुटतो,
मालिका येईल, माल नाही येणार.
दोघांचंही खरं असेल.
नवं स्वस्त होईल त्या दिवशी
माझं जुनं त्याहून स्वस्त.
हे गणित वहीच्या मागच्या पानावर तीनदा मांडलं,
तिन्ही वेळा उत्तर निराळं.

वही बाबांची.
पुढच्या पानांवर त्यांच्या ट्रिपा:
तारीख, टनेज, डिझेल, सारमानसची जेटी.
मग एका पानानंतर काहीच नाही.
खाणी बंद झाल्या तेव्हा टिपरला गिऱ्हाईक होतं,
बेळगावचं, सव्वासहा लाख रोख.
बाबा म्हणाले, बघूया, दिवाळीपर्यंत सुरू होतील.
कुठली दिवाळी, ते कुणी सांगितलं नव्हतं.
चार पावसाळे टिपर फणसाखाली उभा.
कोंबडी सीटवर अंडी घालू लागली.
शेवटी किलोवर गेला,
आणि भंगारवाल्यानं
गंजाचं वजन वेगळं कापून घेतलं.

एल्रॉय आला. हेल्मेट न काढताच
पंख्यांचा आवाज ऐकला, तापमान बघितलं,
चौऱ्याहत्तर, मान हलवली.
मग सहज विचारावं तसं,
मायनिंगाचें न्हय मूं?

नाही म्हणता आलं असतं.
होतं, म्हटलं. माझ्याआधी दोन वर्षं.
तो गप्प. मग म्हणाला, सोळा.

बाबा दारात उभे होते.
यातलं त्यांना काय कळलं कोण जाणे,
एक शब्द मात्र कळला असणार.
विचारलं, चालू आहे ना अजून?
आहे.
मग दे. चालू आहे तोवर दे.

टॉवेलात गुंडाळून ते स्कूटरच्या डिकीत गेलं.
डब्यात आता एक लांबट भोक,
आत ठिपकाभर हिरवा दिवा.
पडद्यावरचं पाणी हलत नाही.
शिवोलीचा तलाव अर्धा आलाय,
उरलेल्या अर्ध्यात अजून चौकोनच आहेत.

रात्री सवयीनं भाव बघितला.
तेच कार्ड, कुणीतरी तेवीस मागतंय.
मागू दे.

बाबा वही घेऊन बसले होते.
शेवटच्या ट्रिपेखाली एक ओळ सोडून
आजची तारीख घातली, सोळा हजार लिहिले,
आणि टनेजच्या रकान्यावर पेन धरून
बराच वेळ तसेच.
वजन किती गो त्याचं?
किलोभर असेल, म्हटलं.