येणे बाकी

टेंडर लागलं तेव्हा मल्लेशम गुंडेटींनी
आधी सूत हुंगलं, मग कागद वाचला.
अठरा हजार टॉवेल, शेवाळी हिरवा, शेड नंबर चार,
लष्कराच्या कुठल्याशा डेपोसाठी.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
दोन वर्षं गंज खात बसलेले आठ माग
त्या रात्री खोकत खोकत चालू झाले.

मी तिथला हिशेबनीस.
माझ्या वहीत देशाची सुरक्षा
डाव्या पानावर जमा होते,
उजवीकडे रंग, वीज, दुसऱ्या पाळीचा चहा.

त्या तीन महिन्यांत
नागमणीनं विड्यांचं सूप खुंटीला टांगलं
आणि रोजावर घड्या घालायला आली.
बोटांचा तंबाखूचा वास मालाला लागू नये
म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी
लिंबाच्या फोडींनी हात घासून लाल केले.
कोपऱ्यावरच्या इडलीवाल्यानं दुसरी शेगडी घेतली.
सिद्राम किराणावाल्यानं उधारीची वही मिटली,
म्हणजे अर्धीच.

याला काय म्हणतात गं, मी लेकीला विचारलं.
ती विद्यापीठात, अर्थशास्त्र, शेवटचं वर्ष.
'गुणक,' म्हणाली, वर न बघता.
तिचा प्रकल्पच त्यावर,
फौजेवरचा खर्च आणि देशाची वाढ.
एक पुस्तक म्हणतं वाढते,
एक म्हणतं खुंटते,
तिसरं, सगळ्यांत जाड, म्हणतं
ते अवलंबून आहे.
'कशावर?'
'त्यावर चारशे पानं आहेत, पप्पा.'

मला एवढंच कळतं,
उजनीतून सुटलेलं पाणी
सोलापुरात किती पोचतं
हे वाटेवरच्या जमिनीला विचारावं.
दिल्लीतून निघालेला रुपया
कधी तोफेच्या नळीतून परदेशात उतरतो,
कधी पेन्शन होऊन मोहोळच्या बँकेत रांगेला उभा राहतो,
आणि चुकून एखादा
टॉवेलाच्या किनारीला चिकटून
आमच्या शेडमध्ये येतो.
त्या दिवशी नळाला मात्र पाणी नसतं.
तो रुपया नळाकडे निघालाच नव्हता.

टॉवेल अंग पुसतो, विरतो, फाटतो,
पुन्हा मागवावा लागतो. माग त्यावर जगतो.
पण तोफगोळा?
तो वीस वर्षं कोठारात निजून राहिला
तर आपण जिंकलो.
न वापरल्यानंच वसूल होणारा माल
मी आजवर कुठल्या खात्यात लिहिलेला नाही.
घसारा कशावर लावू?

'कुलूप घेताना कुणी व्याज विचारतं का?'
गुंडेटीशेठ म्हणाले.
खरं आहे. आमच्याही दाराला कुलूप आहे.
पण शेठ, घर विकून कुलूप...
मी बोललो नाही. पगार व्हायचा होता.

चौथ्या महिन्यात माग थांबले.
आधी कानांना कळलं, मग पोटाला.
इडलीवाल्याची दुसरी शेगडी
भावात न बसणाऱ्या भावाला विकली गेली.
नागमणीनं सूप खुंटीवरून काढलं,
झटकलं, तेंदूची पानं भिजवली.

काल तिनं मोबाइल पुढे केला.
तिचा इरेश, कुठल्याशा बर्फाच्या चौकीवर,
मागे दोरीवर टॉवेल,
गोठून फळीसारखा ताठ.
तिनं दोन बोटांनी किनार मोठी केली.
'आपलाच हाय की ओ साहेब.'
आमची शेड चार. हा जरा पिवळट,
कुठल्या दुसऱ्या गावचा.
मी म्हटलं, हो, घडी बघ की, तुझीच.

लेकीचा प्रकल्प जमा झाला.
शेवटच्या पानावर तिनं लिहिलंय
की याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे.
माझ्या वहीत 'येणे'च्या रकान्यात
एक बिल अजून तसंच आहे, सही होऊन, पैसे न होऊन.

'दिवाळीआधी येईल ना?' नागमणीनं विचारलं.
मी बिलाचं सांगायला लागलो.
ती सूप मांडीवर घेऊन
फोटोकडे बघत होती.