पलूसचा स

मिरजेच्या डॉक्टरांनी आलेख हातात दिला.
आत्या म्हणाली, "हा तर आपला घाट की रे."
खरंच, डावीकडून सपाट येणारी रेघ
मधेच पायरी पायरीनं उतरत
कृष्णेत गेली होती.
उजवा कान गुडघाभर पाण्यात. डावा गळ्यापर्यंत.

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज,
सुमती उपाध्ये, बोर्ड नंबर चार.
हेडसेट डाव्या कानाला,
उजव्या हातानं तिकीट लिहायचं म्हणून.
हळदीचे व्यापारी इरोडचा भाव विचारत ओरडायचे,
पूर आला की सगळा गावभाग ओरडायचा,
आणि मुलगी झाली म्हणून एकजण
अख्खी तीन मिनिटं नुसता रडला.
वेळ संपली, असं तिनं त्याला सांगितलं नाही.
हे सगळं त्या एका कानातून गेलं.
उंबरा झिजतो तसा तो झिजला.

आता तिला स्पीकर हवे होते,
पुस्तकांच्या फळीवर बसतील असे.
"आणि देव्हाऱ्याहून मोठे नकोत."

विश्रामबागेतल्या दुकानात प्रज्योतनं पहिली जोडी लावली.
ढोल असा आला
की काउंटरवरची कपबशी वाजायला लागली.
आत्या बसून राहिली,
अनोळखी लग्नात पंगतीला बसल्यासारखी.
मग म्हणाली, "मांडव झकास आहे.
माणूस कुठंय यात?"

प्रज्योत बेसबद्दल बोलला, वॅटबद्दल बोलला.
मीही आठवडाभर वहीत आकडे लिहून आणले होते,
ते वाचायला लागलो.
तिनं चष्मा काढून घडी घातली.
आमचं बोलणं संपलं.

"गाणं राहू दे. तुझ्या मोबाइलवर तू बोल,
मी सांगते ती नावं. आणि तेच लाव."
प्रज्योत लाजला,
मग वर्गात उभं केल्यासारखा म्हणाला:
विटा. जत. शिराळा. शिरोळ. पलूस.

दुसऱ्या जोडीतून नुसतं पलू आलं.
स बहुतेक भिलवडीलाच उतरला.
तिसरीतून स आला
तो फोडणीत पाणी पडल्यासारखा;
तिनं मान मागं घेतली.
"एवढा स कुणाच्या तोंडात मावतो?"

चौथी जोडी कोपऱ्यात होती, कुणीतरी परत केलेली,
जाळीवर अंगठ्याएवढा डाग,
त्यापायी दोन हजार कमी.
विटा. जत.
शिराळा आणि शिरोळ वेगवेगळे आले,
आपापल्या रस्त्यानं.
तिचा उजवा हात आपोआप वर गेला,
दोन बोटांत नसलेला प्लग धरून.
पलूस.
"लागला," ती म्हणाली.
प्रज्योतला वाटलं, माल पसंत पडला.

घरी मी टेप घेऊन मांडले.
भिंतीपासून वीतभर, दोन्हीकडून सारखं अंतर,
तोंडं तिच्या खुर्चीकडे जराशी वळवून.
पुढच्या रविवारी गेलो तर
डावा स्पीकर फळी सोडून खाली उतरला होता,
स्टुलावर, खुर्चीच्या अगदी जवळ,
आणि उजवा शब्दकोशाच्या आड गप्प.
मी सरळ करायला वाकलो.
"असू दे की. मी लावलाय तो."
ती चहा टाकायला आत गेली.

मी तिच्या खुर्चीत बसलो.
रेडिओवर कुणी बेणेप्रक्रिया समजावत होता,
हळदीचे गड्डे किती वेळ भिजवायचे ते.
तो सगळा माणूस डाव्या भिंतीला टेकून उभा,
कॅलेंडरशेजारी.
उजवीकडची अर्धी खोली रिकामी.

"बरोबर मधोमध येतोय ना?" आतून तिनं विचारलं.

मी डाव्या कानावर तळहात ठेवला,
थोडा दाबला.
माणूस कॅलेंडरपासून निघाला,
कपाटावरून सरकत
खिडकीपाशी आला, आणि थांबला.
समोर. नाकासमोर.

"येतोय," मी म्हणालो.
"साखर कमी घाल."